पहिली लढाऊ नौका: प्लायवूडचा सांगाडा की फायबरग्लासचं हल?

रिमोटवर चालणाऱ्या छोट्या युद्धनौका बांधून पाण्यात एकमेकींवर खरोखर गोळ्या झाडायच्या, असा हा छंद. १:१४४ प्रमाणात २५१ मीटरची जर्मन युद्धनौका ‘बिस्मार्क’ पावणेदोन मीटरची होते. हल, म्हणजे नौकेचं धड, कुठलंही घ्या, बाजूंना पातळ बाल्साच (हलकं, मऊ लाकूड) लागतो. कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर सुटलेल्या पोलादी गोळीनं त्याला भोक पडून पाणी आत शिरलं पाहिजे, तोच तर खेळ!

साचा हाताशी असेल तर फायबरग्लास झटपट होतं, आकार नेमका येतो, पाणी शोषत नाही. पण बाजूंना खिडक्या कापून मधे फासळ्या ठेवाव्या लागतात आणि कापताना उडणारी भुकटी घातक, मास्क हवाच. शिवाय सोलापूरच्या मे महिन्यात फायबरग्लासचं कापड घट्ट करणारं रेझिन हार्डनर घातल्यावर मगातच गोठतं. पहाटे उठून थोडं थोडंच कालवा.

प्लायवूडला वेळ जातो. प्रत्येक फासळी नकाशावरून कापायची, घासायची, इपॉक्सीनं नीट मुरवायची. कोपरा सुटला तर प्लाय फुगलाच. तरी पहिल्या नौकेला मी प्लायवूडच सुचवेन. नकाशा मिळेल ती नौका बांधता येते, आणि तुटलेली फासळी काठावरच चिकटवता येते.

लढाईला जागा उथळ बघा, बुडालेली नौका काढायची असते. सिद्धेश्वर तलाव देवस्थानाचा, तिथे गोळ्या नकोतच. आणि काठावरच्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर गॉगल हवा.