व्हॅक्यूम सीलर, मे ते दिवाळी: मशीन चांगलं, फोमच्या रिंगने जीव काढला

पिशवीतली हवा ओढून ती सीलबंद करणाऱ्या या मशीनची माहिती सगळीकडे आहे, म्हणून थेट रिंगवर येते. झाकणाच्या आत काळ्या फोमची जी रिंग असते, सगळी भिस्त तिच्यावर. गणपतीनंतर ती दबून सपाट झाली. मोटर फिरते, हवा काही ओढली जात नाही. सर्व्हिस सेंटरचं उत्तर: रिंग सुटी मिळत नाही, अख्खं झाकण घ्या. एवढ्याशा फोमसाठी झाकणाचे पैसे का भरायचे? भांडून उपयोग होईना, तेव्हा ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली. मग सुटी रिंग घरपोच आली. आता काम झालं की झाकण लॉक न करता ठेवते, म्हणजे फोम दबून राहत नाही. मॅन्युअलमध्ये यावर एक ओळसुद्धा नाही, याचा मला अजून राग आहे.

मशीन घेतलं ते मासेमारी बंदीसाठी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, म्हणून मे संपता संपता सिटीलाइटच्या बाजारातून सुरमई आणून भरली. साध्या पिशवीत तुकड्यांच्या कडा पांढऱ्या आणि कोरड्या पडायच्या, कारण वरच्या थरातल्या बर्फाची थेट वाफ होऊन जाते. सीलबंद तुकडी जुलैअखेर काढली तर कड ओलसर, तळताना वास नाही. बांगडा मात्र तेलकट, तो फ्रीझरमध्येही खवट होतो. दोन महिन्यांच्या आत संपवा.

सील करायच्या पिशव्यांचे रोल महाग आहेत, असं मी सुरुवातीला सगळ्यांना सांगत होते. ते मत बदललं. साध्या गुळगुळीत पिशव्या या मशीनला चालत नाहीत, हवा निघायला आतून खडबडीत पृष्ठभाग लागतो. शिवाय एक किलो सुरमईचा भाव बघितला की पाकिटाचा खर्च काहीच नाही. मासळी आधी ताटात सुटी पसरून तासभर फ्रीझरमध्ये कडक करा, मगच सील करा. नाहीतर पाणी ओढलं जातं आणि सील धरत नाही. मटणाच्या नळीचं टोक पाकीट फाडतं, त्यावर बटर पेपरची घडी ठेवा. आणि खाटकाकडून आणलेलं ताजं मटण लगेच गोठवू नका, चिवट होतं. एक रात्र फ्रिजमध्ये राहू द्या.

सील केलं म्हणजे टिकलं, हा समज काढून टाका. फ्रीझर उणे १८ अंशांवरच हवा, आणि गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. मासळी वितळवताना पाकीट आधी कापा: हवाबंद पाकिटात ऑक्सिजन नसतो, आणि बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू नेमके तशाच जागी वाढून विष तयार करतात. कापलेलं पाकीट खोलगट ताटलीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, रात्रभर. मुंबईच्या उकाड्यात ओट्यावर तर अजिबात नाही.

घ्यायचं असेल तर दुकानदाराला आधी एकच विचारा: सुटी रिंग मिळते का? हो म्हणाला तर बिलावर लिहून घ्या.