शेकीसमोर अर्धा तास: माउंटन व्ह्यूचं संगणक इतिहास संग्रहालय

तर्कशास्त्राच्या तासाला दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असायचा, "मॅडम, याचा पुढं उपयोग काय?" सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी २७ वर्षं अकरावी-बारावीला हा विषय शिकवला. उत्तर म्हणून वकिली, स्पर्धा परीक्षा, विचारांची शिस्त असं सांगायचे, पण मुलांचे चेहरे काही उजळायचे नाहीत. यंदा लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेले असताना तिनं मला माउंटन व्ह्यूच्या 'कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियम'मध्ये नेलं. तिथं काचेच्या कपाटात माझं उत्तर उभं होतं.

त्याचं नाव शेकी. तिथून जवळच, मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९६६ ते १९७२ या काळात चार्ल्स रोझेन, निल्स निल्सन, बर्ट्राम राफेल, पीटर हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा यंत्रमानव घडवला. चालताना थरथरायचा म्हणून शेकी. खाली चाकं, मध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे कप्पे, वर टीव्ही कॅमेरा, अंतर मोजायचं यंत्र आणि अँटेना. कशाला धडकला तर कळावं म्हणून मांजराच्या मिशांसारख्या तारा. मेंदू मात्र त्याच्या अंगात नव्हता. तो होता खोली व्यापणाऱ्या संगणकात, आणि दोघांचं बोलणं चालायचं रेडिओवरून.

लेक म्हणाली, "आई, पुढं चल, अजून खूप बघायचंय." मी हलले नाही. कारण हा यंत्रमानव ठरलेल्या हालचाली करणारा नव्हता. त्याला सांगायचे फक्त शेवट: अमुक ठोकळा अमुक खोलीत हवा. तिथवर कसं पोचायचं, हे तो स्वतः तर्कानं ठरवायचा.

यातली खरी अडचण तर्कशास्त्र शिकवणाऱ्याला लगेच कळेल. ठोकळा या खोलीतून त्या खोलीत ढकलला, तर काय बदललं? ठोकळ्याची जागा आणि ढकलणाऱ्याची जागा. दार होतं तिथंच आहे, बाकीचे ठोकळे होते तिथंच आहेत. आपल्याला हे सांगावं लागत नाही. पण नैगामिक सिद्धतेत, म्हणजे दिलेल्या विधानांवरून पायरीपायरीनं निष्कर्ष काढताना, आपोआप काहीच खरं धरत नाहीत. प्रत्येक ओळीला आधार लागतो. मग दर पावलाला 'हे बदललं नाही, तेही बदललं नाही' असं लिहीत बसायचं का? जॉन मॅकार्थी आणि पॅट्रिक हेज या संगणकशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये या अडचणीला 'फ्रेम प्रॉब्लेम' असं नाव दिलं.

रिचर्ड फाइक्स आणि निल्सन यांनी १९७१ मध्ये 'स्ट्रिप्स' या पद्धतीतून यावर जो मार्ग मांडला, तो मला थेट माझ्या वर्गात घेऊन गेला. खडू आणि डस्टर! फळ्यावर जगाची सध्याची स्थिती लिहिलेली आहे. प्रत्येक क्रियेला तीन याद्या: आधी काय खरं हवं, नंतर काय पुसायचं, काय नवं लिहायचं. दारातून पलीकडं जायचं, तर शेकी पहिल्या खोलीत हवा आणि ते दार त्या दोन खोल्यांना जोडणारं हवं. गेल्यावर 'शेकी पहिल्या खोलीत आहे' हे पुसा, 'दुसऱ्या खोलीत आहे' हे लिहा. उरलेल्या फळ्याला हात लावू नका. क्रिया करण्याजोगी आहे की नाही, हे मात्र सिद्धता देऊनच तपासायचं. इतकी साधी गोष्ट, पण ती सुचायला कोणीतरी यंत्राला खरोखर खोलीत चालवून पाहावं लागलं. आजही यंत्रांच्या नियोजनाचं संशोधन याच याद्यांच्या घराण्यातलं आहे. वाट शोधायची 'ए-स्टार' पद्धत हार्ट, निल्सन आणि राफेल यांनी १९६८ मध्ये याच कामातून दिली.

माझा आग्रहाचा सल्ला: जाण्याआधी शेकीची जुनी फिल्म इंटरनेटवर पाहा. कपाटातला शेकी स्थिर आहे, फिल्ममधला चालतो. त्यात एक माणूस मुद्दाम मध्येच येऊन ठोकळ्याची जागा बदलतो आणि शेकीला आपला बेत पुन्हा जुळवावा लागतो. तो प्रसंग डोळ्यांसमोर ठेवून काचेपाशी उभं राहिलं, की त्या मिशांच्या तारांकडे बघणंसुद्धा वेगळं होतं.

बाकीची दालनंही सुंदर आहेत. मणिचौकट (अबॅकस) आणि गणनपट्टी (स्लाइड रूल) यांपासून सुरुवात होते, त्यामुळे संगणकातलं काही न कळणाऱ्यालाही धागा सापडतो. तीन-चार तास हाताशी ठेवा. आईवडील मुलांकडे आले असतील तर पूल आणि मॉल दाखवण्याआधी इथं न्या. आणि ते कशासमोर थांबले, तर त्यांना घाई करू नका.

निल्सन यांनी शेकीच्या कामाचा अहवाल १९८४ मध्ये एकत्र केला होता. जावईबापूंनी मला त्यातली काही पानं छापून दिली. आता रोज सकाळी चहानंतर मी वहीत तीन रकाने आखून बसते. परवाचं उदाहरण देते: शेकी एका खोलीत, ठोकळा शेजारच्या खोलीत, मध्ये एक दार. ठोकळा इकडे आणायचा आहे. माझ्या पाच पायऱ्या झाल्या. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर सोडवून पाहा आणि दर पायरीला काय पुसलं, ते मला कळवा.