मेसेंजर बॅग, सायकल आणि रोजचे जाणे-येणे: 11 महिन्यांच्या वापरानंतर

रोज 9 किलोमीटर जाणे आणि तितकेच परत येणे, एवढ्या प्रवासासाठी मी 11 महिन्यांपूर्वी एक मेसेंजर बॅग घेतली. एकाच रुंद पट्ट्याने खांद्यावरून तिरकी अडकवायची, पाठीवर आडवी बसणारी, मोठ्या झाकणाची अशी ही बॅग असते. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. मधल्या काळात दोन मैत्रिणींच्या वेगळ्या बनावटीच्या बॅगा आठवडाभर वापरून पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की मला आवडलेल्या आणि खटकलेल्या बहुतेक गोष्टी या जातीच्या सगळ्याच बॅगांत कमीअधिक प्रमाणात आहेत.

घेताना मी काय पाहिले होते ते आधी सांगते, कारण चूक तिथेच झाली. माझ्या वहीत चार रकाने होते: बॅग किती लिटरची, कापड किती डेनिअरचे, कप्पे किती आणि पाणी कितपत रोखते. डेनिअर म्हणजे 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. त्यामुळे 1000 डेनिअरचे कॉर्डुरा नावाचे नायलॉनचे कापड जाड आणि दणकट असणार हे कळते, पण ते पाठीवर कसे बसेल याविषयी तो आकडा काहीच सांगत नाही. पट्ट्यासाठी वहीत रकानाच नव्हता. आज पुन्हा बॅग घ्यायची झाली तर पहिला रकाना मी पट्ट्याचा आखेन, आणि त्याच्याही आधी स्वतःला एक प्रश्न विचारेन: दिवसातून ही बॅग मी किती वेळा उघडणार आहे?

हा प्रश्न महत्त्वाचा का, हे ही बॅग कोणासाठी घडली ते पाहिल्यावर कळते. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत सायकलवरून पाकिटे पोहोचवणाऱ्या कुरिअरवाल्यांनी तिला आजचे रूप दिले. 1989 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली टिंबक-टू ही बॅगांची कंपनी काय किंवा 1995 मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे सुरू झालेली आणि मोटारीच्या सीट बेल्टसारख्या बकलामुळे ओळखली जाणारी क्रोम काय, दोघींचा पाया त्याच धंद्यात आहे. कुरिअरवाला दिवसभरात कितीतरी वेळा सायकलवरून उतरतो, बॅग पाठीवरून पोटाशी ओढतो, पाकीट काढतो, बॅग परत मागे सरकवतो आणि निघतो. एकच पट्टा, मोठे झाकण आणि आत एकच मोठा मोकळा कप्पा ही सगळी रचना त्या एका हालचालीसाठी आहे. सकाळी भरून संध्याकाळी रिकामी करणाऱ्या माणसाला या सोयीचा उपयोग दिवसातून फार तर दोनदा होतो. एका खांद्यावर ओझे वाहण्याची किंमत मात्र तो पूर्ण अंतर मोजत राहतो.

माझे काम दोन प्रकारच्या दिवसांत विभागलेले आहे. आठवड्यातले तीन दिवस मी लॅपटॉप घेऊन एका जागी बसते, आणि उरलेले दिवस कागदपत्रे तपासण्यासाठी चार-पाच ठिकाणी फिरते. या दोन प्रकारच्या दिवसांत एकाच बॅगेविषयीचे माझे मत इतके बदलते की सुरुवातीला मला स्वतःचेच आश्चर्य वाटे. फिरतीच्या दिवशी तिच्यासारखी सोयीची वस्तू नाही, आणि लॅपटॉपच्या दिवशी ती नकोशी होते.

आता पट्टा. माझ्या बॅगेचा पट्टा 50 मिलिमीटर रुंद असून खांद्यावर त्याला जाड गादी आहे. रुंदी पुरेशी आहे आणि गादीही चांगली आहे. पण खरी परीक्षा पट्टा किती मऊ आहे याची नसून तो एका हाताने किती झटकन घट्ट आणि सैल होतो याची असते. चालताना बॅग कमरेशी लोंबत असलेली बरी वाटते. सायकलवर मात्र ती वर, पाठीच्या मध्यावर, अंगाला चिकटून असावी लागते. माझ्या बॅगेत छातीवरचे टोक खाली ओढले की पट्टा आवळला जातो आणि बकलाची पट्टी वर उचलली की सुटतो. दस्ताने घालूनही हे जमते. एका मैत्रिणीच्या बॅगेला साध्या प्रवासी पिशवीसारखे सरकते बकल होते आणि ते जुळवायला दर वेळी बॅग उतरवावी लागे. दोन दिवसांत मी तो नाद सोडला आणि बॅग सैलच ठेवून सायकल चालवू लागले, म्हणजे नेमके जे करू नये तेच.

सैल बॅगेने काय होते हे मला पहिल्याच महिन्यात कळले होते. चौकात मागून येणारी गाडी पाहण्यासाठी मी मान वळवली, त्याच वेळी ब्रेक दाबला, आणि सगळी बॅग बगलेखालून घसरून पुढे आली. गुडघा तिच्यावर आपटला, हँडल हलले आणि मी पाय टेकवून कशीबशी सावरले. यावर उपाय म्हणून या बॅगांना एक दुसरा, बारीक पट्टा असतो. तो बॅगेच्या खालच्या कोपऱ्यातून निघून दुसऱ्या हाताच्या बगलेखालून येतो आणि छातीवर मुख्य पट्ट्याला अडकतो. माझ्या बॅगेबरोबर तो आला होता, पण सुटा आणि वेगळ्या पुडीत, त्यामुळे मी तो कपाटात टाकून दिला होता. त्या दिवसानंतर त्याच्याशिवाय मी सायकलवर बसलेली नाही. ज्या बॅगेला हा पट्टा नाही आणि तो लावण्याची कडीही नाही, ती दिसायला मेसेंजर बॅग असली तरी सायकलसाठी नाही, असे मी आता बेधडक सांगते. पट्ट्यांची लोंबणारी टोके गुंडाळून रबर लावून ठेवावीत, नाहीतर एखादे टोक चाकाच्या तारांत जायला वेळ लागत नाही.

दुकानात ध्यानात न येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पट्ट्याची बाजू. पुष्कळशा बॅगांचा पट्टा एका ठरावीक खांद्यासाठीच तिरका शिवलेला असतो. माझी बॅग डाव्या खांद्याची आहे. ती उजव्या खांद्यावर घेतली तर झाकण उलट्या दिशेने उघडते आणि गादी भलत्याच जागी येते. खांदा दुखू लागल्यावर बाजू बदलू, हा विचार म्हणूनच फोल ठरतो. स्त्रियांसाठी याला एक जोड आहे: तिरका पट्टा छातीवरून जाताना वर सरकून गळ्याला काचतो किंवा भलत्याच ठिकाणी दाबतो. बारीक पट्टा जरा खाली अडकवला की हा त्रास बराच कमी होतो, पण पूर्ण जात नाही.

बॅग पाठीवर बसते की नुसती लोंबते, हे सायकलवरच्या बसण्यावरही अवलंबून असते, आणि याचा विचार मी अजिबात केला नव्हता. पुढे झुकून सायकल चालवणाऱ्याच्या पाठीचा उतार बॅगेला आधार देतो आणि ओझे पाठभर पसरते. ताठ बसणाऱ्याच्या पाठीवर तोच भार पट्ट्याला टांगलेला राहतो आणि सगळा खांद्यावर येतो. माझ्या सायकलचे हँडल उंच होते. ते 2 सेंटीमीटर खाली घेतल्यावर बॅगेत काहीही न बदलता फरक जाणवला. मात्र बॅगेसाठी सायकल बदलणे हे चपलेसाठी पाय कापण्यासारखे आहे. ज्यांची सायकल ताठ बसण्याची आहे आणि तशीच त्यांना आवडते, त्यांनी दुसऱ्या प्रकारच्या बॅगेचा विचार करावा.

तिसऱ्या महिन्यात डावा खांदा संध्याकाळी भरून येऊ लागला आणि मान आखडू लागली. तेव्हा मी एकेक वस्तू वजनकाट्यावर ठेवली. रिकामी बॅगच 1.15 किलो होती. लॅपटॉप 1.6 किलो, त्याचा चार्जर 350 ग्रॅम, लोखंडी यू-कुलूप 1.3 किलो, पावसाचे जाकीट 300 ग्रॅम आणि भरलेली पाण्याची बाटली सुमारे 800 ग्रॅम. बेरीज साडेपाच किलोच्या आसपास गेली, तीही कागद, पंप आणि जास्तीची ट्यूब न धरता. यातले कुलूप आणि बाटली पाठीवर असण्याचे काहीच कारण नव्हते. दोन्ही सायकलच्या दांड्यावर क्लॅम्प लावून बसवली आणि खांद्यावरचे 2 किलो एका संध्याकाळीत उतरले. माझ्या अनुभवात साडेतीन किलोपर्यंत ही बॅग पाठीवर आहे हे विसरायला होते, चार किलोनंतर ती जाणवते आणि पाचच्या पुढे फक्त तिचाच विचार मनात राहतो. प्रत्येकाची मर्यादा वेगळी असेल. पण ती वजनकाट्यावर शोधावी, अंदाजाने नव्हे.

लॅपटॉपचे दुखणे वजनापुरते नाही. कागद, कपडे, पाकिटे अशा वस्तू भरलेली मेसेंजर बॅग पाठीच्या गोलाईनुसार वाकते, आणि म्हणूनच ती इतकी सुखकर वाटते. त्यात लॅपटॉप घातला की ती एक ताठ फळी होते. खड्ड्यात चाक गेले की त्या फळीचा खालचा कोपरा नेमका कमरेच्या वर बोचतो. शिवाय माझ्या बॅगेतला लॅपटॉपचा कप्पा थेट तळापर्यंत जातो, म्हणजे बॅग जमिनीवर ठेवली की लॅपटॉपच आपटतो. मी तळाशी 3 सेंटीमीटर जाडीचा फोम कापून घातला आहे. चांगल्या बॅगांत हा कप्पा तळापासून थोडा वर लटकता शिवलेला असतो, आणि हात घालून ते दोन सेकंदांत तपासता येते.

पावसाच्या बाबतीत मात्र बॅगेने निराश केले नाही. बाहेरचे कापड कितीही जाड असले तरी शिलाईच्या भोकांतून पाणी शिरतेच. माझ्या बॅगेच्या आत ताडपत्रीसारखे जाड अस्तर आहे आणि ते फक्त वरच्या कडेला शिवलेले असून खाली मोकळे लोंबते. बाहेरच्या शिवणीची सुई अस्तरातून जातच नाही, त्यामुळे बाहेरचे कापड भिजून जड झाले तरी आतले कागद कोरडे राहतात. घरी आणल्यावर मी आत एक तांब्या पाणी ओतून पाहिले होते. दहा मिनिटांत बाहेर थेंब आला नाही. त्याच ताडपत्रीचा मोह 1993 मध्ये झ्युरिकच्या फ्रायटाग बंधूंनाही पडला होता. ट्रकवरच्या जुन्या ताडपत्र्या, मोटारीचे सीट बेल्ट आणि सायकलच्या ट्यूब यांतून त्यांनी पहिल्या बॅगा शिवल्या.

दोन वेळा तरीही पाणी आत आले, आणि दोन्ही वेळा झाकणाच्या कडेतून. बॅग अर्धी रिकामी होती, झाकण नीट ओढले गेले नव्हते आणि बाजूच्या कोपऱ्यांत फट राहिली होती. झाकणाखालचे कोपरे आत दुमडता येतात की नाही हे पाहावे. चाकाने उडवलेल्या चिखलाचा बंदोबस्त मडगार्डने करायचा असतो. तो नसेल तर बॅगेचा तळ महिनाभरात ओळखू येत नाही.

किरकोळ गोष्टी भराभर सांगते. वेल्क्रोचे झाकण रस्त्यावर उत्तम असते, पण शांत बैठकीत ते उघडले की सगळ्या माना वळतात. आता मी तिथे नुसती बकले लावते आणि वेल्क्रोवर कापडाची पट्टी ठेवते. झाकणावर दिवा अडकवण्याची पट्टी आहे, पण बॅग जशी फिरेल तसा दिवा आकाशाकडे नाहीतर जमिनीकडे पाहतो, त्यामुळे मागचा दिवा सीटखालच्या दांड्यावरच असावा. पुढचे बारीक कप्पे सात आहेत आणि मी दोनच वापरते. मी मोठा आकार घेतला ही चूक होती: अर्ध्या भरलेल्या मोठ्या बॅगेत सगळे सामान खालच्या कोपऱ्यात गोळा होते आणि तो कोपरा एका बाजूला ओढत राहतो.

टिकाऊपणाविषयी तक्रार एकच आहे. सातव्या महिन्यात झाकणाचे एक प्लॅस्टिकचे बकल दारात सापडून तुटले. ते पट्ट्यात शिवून पक्के केलेले असल्यामुळे शिवण उसवून नवे बसवावे लागले. फटीतून पट्टा काढून बदलता येणारी बकले मिळतात, आणि पुढच्या वेळी मी तीच पाहीन. बाकी शिवण शाबूत आहे, पट्ट्याच्या कडेला थोडी लव निघाली आहे आणि तळाचे कोपरे पांढुरके झाले आहेत. खरखरीत कापडाने बॅगेपेक्षा माझे कपडेच जास्त झिजवले. तीन शर्टांवर डाव्या खांद्याशी आणि पाठीवर गोळे आले. एकदा बॅग धुतली, तीही हाताने. कापड आणि अस्तर यांच्यामध्ये अडकलेले पाणी वाळायला पूर्ण दोन दिवस गेले. तेव्हापासून ओल्या फडक्याने पुसते आणि वेल्क्रोत अडकलेला कापूस जुन्या दात-ब्रशने काढते.

दुकानात पाहणार असाल तर आरशासमोर उभे राहून काही कळत नाही. घरून साडेतीन-चार किलो सामान पिशवीत न्यावे, ते बॅगेत घालावे, पट्टा आवळून सायकलवर असतो तितके पुढे झुकावे, एक हात सोडून मागे वळून पाहावे आणि मग उभे राहून दोन-चार वेळा पेडल मारल्यासारखे गुडघे उचलावेत. बॅग जागची हलली तर ती रस्त्यावर हमखास हलेल. नंतर एका हाताने पट्टा सैल करून ती पोटाशी आणावी आणि उघडावी. हे सगळे करताना विक्रेता चमत्कारिक नजरेने पाहील, पण तेवढे सोसावे.

सॅक आणि पॅनिअर यांच्याशी तुलना टाळता येत नाही. सॅकमध्ये ओझे दोन्ही खांद्यांवर समान वाटले जाते, पण पाठ पूर्ण घामेजते आणि आतली वस्तू काढायला ती उतरवावीच लागते. मेसेंजर बॅगेतही घाम येतोच, फक्त पट्टा पटकन सैल करून वारा घेता येतो. कॅरिअरच्या बाजूला अडकणारी पॅनिअर बॅग अंगावर ग्रॅमभर वजन ठेवत नाही. मात्र सायकलपासून वेगळी झाली की तिच्यासारखी अवघड वस्तू नाही, आणि दर थांब्यावर ती काढणे-लावणे कंटाळवाणे होते.

दहाव्या महिन्यात मी सायकलला कॅरिअर बसवून एक पॅनिअर घेतली आणि लॅपटॉपचे तीन दिवस तिच्याकडे सोपवले. फिरतीच्या दिवशी मात्र अजूनही मेसेंजर बॅगच निघते. पाच ठिकाणी थांबायचे, पाचही ठिकाणी कागद काढायचे आणि ठेवायचे, आणि एकदाही ती खांद्यावरून उतरवायची नाही, हे सुख दुसऱ्या कोणत्याही बॅगेने मला दिलेले नाही. तिच्यातला लॅपटॉपचा कप्पा आता रिकामा असतो. त्यात मी ओले जाकीट कोंबते, आणि त्या कामाला तो उत्तम आहे.