‘सीलबंद’ ओएस/२ वार्पच्या नावाखाली २६ हजारांची टोपी

जुने संगणक जमवणारे मराठवाड्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातल्या त्यात आम्हालाच गाठून गंडवणारा एक जण सध्या नांदेड, लातूर, बीड या पट्ट्यात फिरतोय. माझे २६ हजार त्याने नेले. नाव देत नाही, कारण मला सांगितलेलं नाव खरं असण्याची शक्यता शून्य. पण तो काय विकतो आणि कसं विकतो हे सांगता येतं.

माल असा: एक ४८६ मशीन, म्हणजे नव्वदच्या दशकातला पीसी, त्यावर चालू स्थितीतलं आयबीएमचं ओएस/२ वार्प ३ (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम), त्याच सिस्टीमचा ‘कधीही न उघडलेला’ फ्लॉपींचा संच, आणि वरून सीडॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचं जिस्ट कार्ड. हे सगळं म्हणे एका साखर कारखान्याच्या लेखा विभागातून लिलावात निघालेलं.

ज्यांना या नादाची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओएस/२ आयबीएम आणि मायक्रोसॉफ्टने मिळून सुरू केली, पहिली आवृत्ती १९८७ ची. पुढे दोघांचं फाटलं. आयबीएमने १९९४ मध्ये वार्प ३ आणली, चार एमबी रॅमवर चालते असा दावा करून. वर्षभराच्या आत, ऑगस्ट १९९५ मध्ये, विंडोज ९५ आली आणि घरगुती बाजार तिकडे वळला. आपल्याकडे ज्यांनी ओएस/२ डोळ्यांनी पाहिली असे लोक फार थोडे, त्यामुळे अस्सल संच दिसला की हात शिवशिवतात. नुसती सिस्टीम चालवून बघायची तर लॅपटॉपवर जुन्या पीसीची नक्कल करणारं ८६बॉक्स टाकून हौस भागते. पैसे मोजायचे ते अस्सल वस्तूसाठी, आणि हा गडी नेमकं त्याच्यावरच जगतोय.

खरा गळ मात्र जिस्ट कार्ड होता. पुण्याच्या सीडॅकचं हे कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसवलं की डॉस या जुन्या सिस्टीमवरच्या मजकुराच्या प्रोग्रामांमध्ये देवनागरी उमटायची. युनिकोडच्या आधीचा काळ तो. मराठी माणसाला ते कार्ड म्हणजे काय हे त्याला पक्कं ठाऊक आहे. फोनवर ओएस/२ बद्दल तो दोन वाक्यं बोलला, जिस्टबद्दल पंधरा मिनिटं.

सहा हजार यूपीआयने आगाऊ घेतले, ‘दुसरं गिऱ्हाईक पुण्याहून निघालंय’ म्हणून. बाकीचे रोख, माल बघून. लातूरला गंजगोलाईच्या मागे एका गल्लीत भाड्याचं शटर. आत टेबलावर मशीन मांडूनच ठेवलेलं. बटण दाबलं. मेमरी मोजून झाली, हार्ड डिस्क घुं करत फिरायला लागली, कोपऱ्यात पांढऱ्या चौकोनाशेजारी ओएस/२ ही अक्षरं आली, आणि सावकाश डेस्कटॉप उघडला. मी माउस धरला, फोल्डर उघडून पाहिले. सगळं खरं. संच दाखवला तो प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला. ‘सर, हे फोडलं तर किंमत अर्धी होईल, तुम्हीच ठरवा.’ कॅबिनेटच्या स्क्रूवर कागदी सील, तेही तोडू नका म्हणाला. कार्ड आतच बसवलेलं, त्याचे फोटो आधी पाठवलेले होते. बारा वाजता लाईट जाणार म्हणून सारखी घाई. पैसे मोजून झाल्यावर चहासुद्धा पाजला.

घरी आणून कॅबिनेट उघडलं तेव्हा पहिली गंमत दिसली. घुं करणाऱ्या हार्ड डिस्कला फक्त वीजपुरवठ्याची वायर होती. डेटाची पट्टीसारखी रिबन केबल तिला लागलेलीच नव्हती. ती रिबन मागच्या बाजूला अॅडॉप्टरवर बसवलेल्या सीएफ कार्डात गेलेली. म्हणजे सिस्टीम कॅमेऱ्याच्या त्या चिमुकल्या कार्डावरून चालत होती आणि मेलेली डिस्क फक्त आवाज काढायला ठेवली होती. सीएफ कार्ड लावण्यात गैर काहीच नाही. माझ्या स्वतःच्या ३८६ मध्ये तेच आहे, जुन्या डिस्का कुठवर टिकणार? पण हा माणूस ‘कारखान्यात बसवलेली मूळ सिस्टीम, कुणी हात लावलेला नाही’ म्हणून विकत होता. एरवी तसं मशीन पाच-सहा हजारांच्या वर जात नाही.

मग संचाचं प्लास्टिक फोडलं. हल्ली मिठाईच्या पुड्यांना लावतात तसलंच, हीटगनने आवळलेलं. फ्लॉपीवरच्या लेबलवरून ओलं बोट फिरवलं तर निळा रंग बोटाला आला. छापखान्यात छापलेलं लेबल असं रंग सोडत नाही, घरच्या इंकजेटचं सोडतं.

लेबलावर एक वेळ वाद घालता येईल. फ्लॉपीच्या आत काय आहे त्यावर घालता येत नाही. साधी साडेतीन इंची फ्लॉपी १.४४ एमबीची. वार्प ३ च्या संचात सुरुवातीच्या फ्लॉपी तशा साध्या, कारण मशीन त्यांच्यावरूनच बूट, म्हणजे सुरू, व्हायचं असतं. पुढच्या मात्र एक्सडीएफ नावाच्या वेगळ्या पद्धतीने लिहिलेल्या, त्यात १.८४ एमबी मावतं. आजच्या यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हला एक्सडीएफ वाचता येत नाही, त्यासाठी जुन्या मशीनमधला आतला ड्राइव्ह लागतो. माझ्या संचातली प्रत्येक फ्लॉपी यूएसबी ड्राइव्हवर मुकाट्याने उघडली, तिथेच पाल चुकचुकली. प्रत्येकीची एकूण जागा १४,५७,६६४ बाइट, म्हणजे नेहमीची १.४४. पहिल्या दोन-तीन बूट होतात. पुढच्या सगळ्यांवर त्याच त्या प्रिंटर ड्रायव्हरच्या फायली, नावं बदलून.

अजून एक पुरावा मिळाला, तो तर मला फारच आवडला. फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमध्ये सुरुवातीचे तीन बाइट सोडले की आठ अक्षरांचं एक नाव असतं, फ्लॉपी कोणत्या सिस्टीमने तयार केली ते सांगणारं. विंडोज ९५ आणि ९८ ला एक खोड आहे: लिहिता येण्याजोगी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की तिथे आपलंच काहीतरी लिहून ठेवतात, आणि शेवटची तीन अक्षरं आयएचसी अशी येतात. ‘कधीही न उघडलेल्या’ संचातल्या फ्लॉपींवर आयएचसी! आता कुणी म्हणेल की मूळ मालकाने विंडोजमध्ये घालून पाहिली असेल. तर कंपनीकडून आलेल्या सॉफ्टवेअरच्या फ्लॉपींना बहुधा कोपऱ्यातली सरकपट्टी नसतेच, नुसतं उघडं छिद्र असतं, म्हणून त्यांच्यावर काही लिहिताच येत नाही. माझ्या सगळ्या फ्लॉपींना काळी सरकपट्टी आहे. बाजारातल्या कोऱ्या फ्लॉपी.

आणि जिस्ट कार्ड? बाहेर काढलं तर पत्र्याच्या पट्टीवर टेलिफोनच्या वायरची दोन भोकं. साधा इंटर्नल मोडेम, चिपवर सीडॅकचा स्टिकर. पाठवलेल्या फोटोंमध्ये ती पट्टी बरोबर कापलेली होती.

फोन केला तर ऐकवलं, ‘सर, चालू मशीन दाखवलं ना? चालू मशीन दिलं.’ त्यानंतर नंबर बंद. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे जमेस धरले ते यूपीआयचे सहा हजार, कारण तेवढ्याचाच माग आहे. रोख वीस हजारांना ना पावती ना साक्षीदार. त्यासाठी पोलीस ठाण्यात वेगळा अर्ज दिलाय. सगळी रक्कम खात्यातून गेली असती तर अर्जाला जरा वजन आलं असतं. शटरच्या मालकाला विचारलं, तर त्याने जागा दोनच दिवसांसाठी दिली होती.

परवा बीडच्या एका मित्राला व्हॉट्सअॅपवर असेच फोटो आले. या वेळी कारखान्याऐवजी सूतगिरणी, किंमत ३० हजार, जिस्ट कार्ड आहेच. लेबलवरच्या निळ्या पट्टीची छपाई डाव्या कोपऱ्यात तशीच पुसट. मित्राने त्याच्याकडे तीन फोटो मागितले: फ्लॉपीची मागची बाजू सरकपट्टीचा कोपरा दिसेल अशी, कार्डाची पत्र्याची पट्टी, आणि कॅबिनेट उघडून हार्ड डिस्कची मागची बाजू. ‘संध्याकाळी पाठवतो’ म्हणाला आणि ब्लॉक करून मोकळा झाला. तुमच्याकडे आला तर हेच तीन फोटो मागा, आणि त्याचा यूपीआय आयडी दिसला तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. माझ्या अर्जाला जोडायला हवाय.