जुना कॉम्प्युटर, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर: यूएसबी केबल घ्यावी की पॅरलल कार्ड?

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाची पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) काढायची तर कार्बनच्या तीन प्रती एकदम निघाव्या लागतात. लेझरला ते जमत नाही, म्हणून डॉट मॅट्रिक्सला अजून पर्याय नाही. प्रिंटर सहसा टिकतो. आधी जातो तो कॉम्प्युटरचा २५ पिनांचा पॅरलल पोर्ट, आणि तोही बऱ्याचदा मशीन चालू असतानाच केबल काढल्या-घातल्यामुळे.

काही विकत घेण्याआधी दोष कुठे आहे ते बघा. एप्सन एलएक्स-३०० असेल तर लाइन फीडचं बटण दाबून धरून प्रिंटर चालू करा. अक्षरांच्या ओळी छापल्या तर प्रिंटर ठीक आहे. मग कमांड प्रॉम्प्टवर ‘डीआयआर > एलपीटी१’ द्या. एलपीटी१ हे कॉम्प्युटरने पॅरलल पोर्टला दिलेलं नाव. फाइलींची यादी कागदावर आली तर पोर्ट आणि केबलही ठीक. बिघाड ड्रायव्हरमध्ये किंवा अडकलेल्या स्पूलरमध्ये (विंडोजच्या छपाईच्या रांगेत) आहे. तिथे खर्च शून्य. यादी नाही आली तर आधी दुसरी केबल लावून बघा. पावसाळ्यात दमट दुकानात केबलच्या प्रिंटरकडच्या ३६ पिनांच्या कनेक्टरवर गंज धरतो. उद्यमनगरात वर त्यात फाउंड्रीची बारीक धूळ.

पोर्टच गेला असेल तर बहुतेक जण यूएसबी ते पॅरलल केबल उचलतात. स्वस्त, पाच मिनिटांत लागते, लॅपटॉपलाही चालते. टॅली किंवा एक्सेलमधून छापत असाल तर हीच घ्या. पण ही केबल एलपीटी१ तयार करत नाही, ‘यूएसबी००१’ नावाचा पोर्ट तयार करते. फॉक्सप्रोमधला, डॉसवर चालणारा जुना बिलिंग प्रोग्राम एलपीटी१ वरच छापतो, त्यामुळे तो गप्प बसतो. तोड आहे: प्रिंटर शेअर करा, नाव आठ अक्षरांच्या आत आणि मोकळी जागा न सोडता ठेवा, ‘नेट यूज’ या कमांडने एलपीटी१ त्या नावाला जोडा आणि बायोसमधला (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमधला) जुना पोर्ट बंद करा. मात्र कॉम्प्युटर कुठल्याच नेटवर्कवर नसेल तर ही जोडणी तुटते. मग लूपबॅक अॅडॅप्टर, म्हणजे नेटवर्क असल्याचं भासवणारं सॉफ्टवेअर, टाकावा लागतो. ऐन सौद्याच्या वेळी हे बिनसलं तर गल्ल्यावरच्या माणसाला ते सुधरत नाही.

डॉसच्या प्रोग्रामसाठी म्हणून आमचं मत कॅबिनेटच्या आत बसणाऱ्या पॅरलल कार्डाकडे. ते खरा पोर्ट देतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट सेटिंग्जला जाऊन नंबर एलपीटी१ करायचा, झालं. अडचणी दोन. कॅबिनेट उघडून स्लॉट बघावा लागतो: जुना लांब पीसीआय की छोटा पीसीआय एक्सप्रेस. बारीक कॅबिनेटला कार्डाची पट्टीही अर्ध्या उंचीची लागते. आणि जे मोजके प्रोग्राम थेट ३७८ या पत्त्यावर (जुन्या पॅरलल पोर्टच्या ठरलेल्या जागेवर) लिहितात, त्यांना कार्डाचा वेगळा पत्ता सापडत नाही. कॅबिनेट उघडलंच आहे तर मदरबोर्डवर ‘एलपीटी’ लिहिलेल्या पिनांच्या दोन रांगा दिसतात का तेही बघा. मागचा पोर्ट जळालेला नसून मुळात दिलेलाच नसेल, तर तिथे नुसती रिबनची पट्टी जोडून काम भागतं.

नवा लेझर घेऊन सुटका होईल असं वाटत असेल तर जपून. एचपी १०२० किंवा कॅनन एलबीपी२९०० विंडोजच्या ड्रायव्हरशिवाय काहीच छापत नाहीत. डॉसमधून आलेला साधा मजकूर त्यांना कळत नाही. ‘नेट यूज’ही तिथे उपयोगाचं नाही. कॉम्प्युटरच बदलायचा म्हटलं तर ६४ बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्राम उघडतच नाहीत. त्यासाठी विंडोजमध्ये डॉसचं काम करणारं व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स लागतं. साध्या डॉसबॉक्समध्ये छपाईची सोय नाही.

कार्ड घ्या की केबल, प्रिंटरकडचं टोक ३६ पिनांचंच आहे ना ते दुकानातच बघून घ्या. काही यूएसबी केबलींना २५ पिनांचं टोक असतं, ते प्रिंटरला बसत नाही. आणि पॅरलल केबल जोडताना दोन्ही मशीन बंद.