महामार्गाखालून जाणारे जंगल: पेंचमधील एका अभ्याससहलीचा अभिप्राय

नागपूरच्या एका लहान सहल-आयोजकाबरोबर आम्ही चौघे फेब्रुवारीत पेंचला दोन दिवस जाऊन आलो. त्यांच्या माहितीपत्रकावर वाघाचा फोटो नव्हता. तुकडे पडलेल्या जंगलातून प्राणी ये-जा कशी करतात ते दाखवू, एवढेच लिहिलेले होते. त्या एका वाक्यावर आम्ही पैसे भरले आणि ते वाया गेले नाहीत, हे आधीच सांगतो. मात्र सहलीतला सर्वांत मोलाचा भाग आयोजकांनी सर्वांत कमी वेळात उरकला, ही तक्रारही याच अभिप्रायात नोंदवणे भाग आहे.

सहलीचा गाभा म्हणजे नागपूर-सिवनी रस्ता, म्हणजेच राष्ट्रीय महामार्ग ४४. कान्हा आणि पेंच या व्याघ्र प्रकल्पांना जोडणारा वनपट्टा हा रस्ता ओलांडतो. रस्ता चौपदरी करायचे ठरले तेव्हा हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर महाराष्ट्राच्या हद्दीतील मनसर ते खवासा या ३७ किलोमीटरच्या टप्प्यात प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी वाट ठेवली गेली: पाच भुयारी मार्ग आणि चार छोटे पूल. त्यांतला सर्वांत लहान ५० मीटर लांबीचा, तर सर्वांत मोठा ७५० मीटरचा आहे. प्रत्यक्षात हे भुयार नव्हेच. गाड्या खांबांवर उचललेल्या रस्त्यावरून जातात आणि खाली जमीन मोकळी राहते. दिव्यांचा झोत आणि आवाज खाली उतरू नये म्हणून कडेला पडदे आहेत.

पहिल्या संध्याकाळी वाहनचालकाने गाडी चक्क पुलावरच कडेला लावली आणि ‘उतरा, बघून घ्या’ असे सांगितले. मागून ट्रक सुसाट येत असताना उतरणे धोक्याचे होतेच, शिवाय कडेच्या पडद्यांमुळे वरून खालचे काहीही दिसत नव्हते. आम्ही उतरायला नकार दिला. आयोजकांनी नंतर दिलगिरी व्यक्त केली, पण असे घडायलाच नको होते.

दुसऱ्या सकाळी मात्र सगळी भरपाई झाली. वनरक्षक सोबत असल्याने जंगलाच्या बाजूने पहिल्या खांबापर्यंत जाता आले. पुलाखाली पाऊस पोहोचत नाही, त्यामुळे तिथे गवत विरळ आणि माती पिठासारखी मऊ असते. त्या मातीत रात्रभराची वर्दळ जशीच्या तशी उमटलेली होती. चितळांच्या खुरांच्या जोडखुणा, रानडुकरांनी उकरलेले खड्डे, एक साळिंदराचा काटा आणि त्या सगळ्यांवरून गेलेली गावच्या गुरांची वाट. आमच्या गाइडने काडीने एका ठशाभोवती गोल काढला आणि म्हणाला, ‘ताई, नखं बघा. रानकुत्रा आहे. वाघ-बिबट्याची नखं चालताना आत असतात, ठशात येत नाहीत.’ डोक्यावर ट्रकांची धडधड अखंड चालू होती. या जागेला आयोजकांनी दिलेला वेळ: अवघी वीस मिनिटे.

भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये मार्च ते डिसेंबर या काळात येथे कॅमेरे लावून नोंदी ठेवल्या. त्यांत १८ प्रजातींचे प्राणी या वाटांनी जाताना टिपले गेले. ११ वेगवेगळे वाघ एकूण ८९ वेळा गेले. हे आकडे गाइडला तोंडपाठ होते आणि त्याला त्यांचा अभिमानही होता. माझ्या एका प्रश्नावर मात्र तो थोडा थांबला. कॅमेऱ्यात जो गेला तो दिसतो. जो आवाज ऐकून मागे फिरला तो कुठे मोजला जातो? शिवाय ही सोय पायांनी चालणाऱ्यांसाठी आहे. फांदीवरून फांदीवर जाणाऱ्यांना चौपदरी रस्त्याची दरी तशीच राहते. रस्त्यालगत ऊन शिरते, तिथे रायमुनियाचे (घाणेरीचे) रान माजते, आणि सावलीतली रोपटी, बेडूक, कीटक आत सरकतात. म्हणजे नकाशावर जितके जंगल दिसते तितके ते आतून उरत नाही. हे सारे गाइडने आम्हाला जंगलाच्या एका काठावर उभे करून दाखवले, आणि कोणत्याही सफारीत मी एवढे शिकलो नव्हतो.

रात्रीच्या सत्रात वाट तुटली की काय होते याची दोन उदाहरणे ऐकवली, आणि निवड अचूक होती. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन शेतांतून, रस्त्यांवरून १,३०० किलोमीटरहून अधिक चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. उलट ओडिशातील सिमिलिपालचे वाघ इतर वाघांपासून इतके तुटले की आपसांतच प्रजनन होत राहिले, आणि एरवी अत्यंत दुर्मीळ असलेले काळपट, दाट पट्ट्यांचे वाघ तिथे वारंवार दिसू लागले. पर्यटक ज्याला नवल म्हणून कॅमेऱ्यात टिपतो, ते मुळात कोंडले गेल्याचे लक्षण आहे. एका गोष्टीचा उल्लेख मात्र राहून गेला: कान्हा-पेंच पट्ट्याला हा एकच रस्ता छेदत नाही, गोंदिया-जबलपूर रेल्वेमार्गही त्यातूनच जातो.

जेवण साधे आणि चांगले होते, खोल्या स्वच्छ होत्या. सिल्लारी गेटमधून केलेल्या जिप्सी सफारीत गवे आणि रानकुत्री दिसली, वाघ दिसला नाही. आणि इथेच आयोजकांचा धीर सुटला. सफारी संपताच त्यांनी सशुल्क जादा फेरीचा आग्रह धरला, आणि निघताना हाती दिलेल्या अभिप्रायपत्रावर पहिलाच प्रश्न होता, ‘वाघ दिसला का?’ ज्यांनी माहितीपत्रकावर वाघ छापायचे टाळले, त्यांनी हा प्रश्न विचारावा याचे मला वाईट वाटले. ठशांबद्दल प्रश्नच नव्हता, म्हणून मी ते समासात लिहून आलो.

जाणार असाल तर नोंदणी करतानाच पुलाखालच्या भेटीसाठी किमान दोन तास मागून घ्या, ती सकाळी लवकर ठेवायला सांगा आणि वनरक्षक सोबत असेल याची खात्री करून घ्या. दुर्बीण स्वतःची न्या. आयोजकांकडे आम्हा चौघांत मिळून एकच होती आणि तिची एक काच धूसर होती.