पोटगीच्या सल्ल्यासाठी नागपूरच्या धरमपेठेतलं हे वकील ऑफिस : पाचातले चार तारे

लिफ्ट नाही. ऑफिस दुसऱ्या माळ्यावर, पायऱ्या उंच. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी तेवढं आधी समजून घ्या. बाकी काम चोख आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही गेलो ते लेकीच्या पोरांच्या पोटगीसाठी. लेक मानेवाड्याकडे खाजगी शाळेत शिकवते, जावई बुटीबोरीला नोकरीवर. नात बारावीत, नातू तिसरीत. घटस्फोट दोघांनाही पाहिजे, भांडण फक्त पोरांच्या खर्चाचं. याआधी दुसऱ्या एका वकिलाकडे गेलो होतो. ‘बाई कमावते, काही मिळत नाही’ असं दोन मिनिटांत सांगून त्यांनी फी पूर्ण घेतली.

इथल्या मॅडमनी आधी लेकीला विचारलं, ‘तुला स्वतःसाठी पाहिजे की पोरांसाठी?’ ती म्हणाली, पोरांसाठी. ‘मग तू कमावतेस म्हणून बाप सुटत नाही.’ पण लगेच हेही सांगितलं की १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात पोरांना पोसायची जबाबदारी आई आणि बाप दोघांवर आहे, तेव्हा तुझाही पगार हिशेबात येईल. गिऱ्हाईक खूश करायला बोलणाऱ्यातल्या त्या नाहीत, हे तिथेच कळलं. अमुक टक्के मिळतीलच असा आकडाही त्यांनी दिला नाही. कायद्यात तसं ठरलेलं प्रमाणच नाही म्हणे. पोरांची गरज, दोघांची ऐपत आणि आतापर्यंतचं राहणीमान पाहून कोर्ट ठरवतं.

माझा जीव अडकला होता नातीत. अठरा झाले की संपलं का? मॅडमनी कागदावर दोन रेघा मारून समजावलं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४, त्यात सज्ञान होईपर्यंतच. पुढे फक्त शारीरिक वा मानसिक कारणाने स्वतःचं भागवू न शकणाऱ्या मुलांना. मात्र १९५६ च्या कायद्याच्या कलम २० मध्ये लग्न न झालेली मुलगी स्वतःच्या कमाईवर जगू शकत नसेल, तर अठरानंतरही मागू शकते. नातवासाठी तशी सोय नाही, त्याचं अठरापर्यंतच धरून चला म्हणाल्या. हे ऐकून लेकीचा चेहरा उतरला, पण खरं ते खरं.

जावयाकडून निरोप आला होता : एकरकमी घ्या, पोरांसाठी पुन्हा काही मागणार नाही असं लिहून द्या. आमच्या घरातले अर्धे लोक राजी होते बापा! मॅडम म्हणाल्या, ‘काकाजी, आईने स्वतःचा हक्क सोडला तर तिचा सुटेल. पोरांचा हक्क सोडायला ती कोण?’ त्या एका वाक्याने फी वसूल झाली.

आता कागद. जाताना शाळेच्या फीच्या पावत्या, जन्मदाखले, लग्नाचा दाखला, पगारपत्रक, बँकेचं पासबुक न्या. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात ठरवून दिलंय, की दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यायचं. त्याच निकालामुळे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे समोरच्याने तारखा लांबवल्या तर त्याचीच थकबाकी वाढते. अंतरिम, म्हणजे केस चालू असेपर्यंतच्या पोटगीचा अर्ज नोटीस मिळाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली निघावा असं कायदा म्हणतो. त्यावर कॅलेंडर लावून बसू नका. आमचा अर्ज दाखल आहे, हुकूम अजून यायचाय.

सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट अशी, की फी सांगायच्या आधीच मॅडमनी लेकीला सांगितलं : बाईला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याने, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचार, नाहीतर १५१०० वर फोन लाव. आम्ही तरी इथेच राहिलो, तो आमचा निर्णय. स्वतःचं गिऱ्हाईक जाऊ शकतं हे माहीत असून कोण सांगतं जी?

तारा कापला तो पावतीसाठी. टायपिंग आणि झेरॉक्सचे पैसे पोऱ्याने वेगळे घेतले, आधी सांगितले नव्हते आणि पावती मागितली तर ‘नंतर देतो’. मी आयुष्यभर एसटीत कंडक्टर होतो, तिकीट फाडल्याशिवाय कोणाचा रुपया घेतला नाही, तेव्हा हे मला चालत नाही. मॅडमला सांगितल्यावर पावती मिळाली, हेही लिहून ठेवतो.

शनिवारी गर्दी फार असते आणि बसायला तीनच खुर्च्या. मधल्या वारी, जेवणाच्या वेळेनंतर जा, आणि फोन करून मॅडम कोर्टातून आल्या का ते विचारून निघा.